हलका पाय म्हणजे अधांतरी पाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल-डिझेलच्या दराची बातमी आली की तिच्या शेजारी ‘अॅव्हरेज कसं वाढवाल’ अशी एक चौकट हमखास येते. टायरमध्ये हवा ठेवा, एअर फिल्टर साफ करा, वेग आवरा आणि एक्सिलेटरवर पाय हलका ठेवा. सल्ला खोटा नाही. पण पाय हलका ठेवायचा म्हणजे नेमका कसा, हे त्या चौकटीत कधीच नसतं. मग वाचणारा आपल्या मनानं एक अर्थ लावतो. टाच उचलतो, चवडा पेडलला नुसता टेकवतो आणि जळगावहून धुळ्यापर्यंत पाय तसाच हवेत तोलून धरतो. गाडीतून उतरताना नडगी ताठलेली, गुडघ्याची वाटी ठणकतेय, पोटरीत गोळा. घरी सांगतो, ‘अॅव्हरेज दोननं वाढलं, पण पाय गेला.’ पाय आणि पेट्रोल यांतलं एकच वाचतं, असा समज इथूनच रुजतो, आणि तो चुकीचा आहे म्हणून हे पत्र. आम्ही गाडी शिकवणं, गाडी दुरुस्त करणं आणि दुखरे सांधे बघणं अशा तीन वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं आहोत. बहुतेक बाबतींत आमचं एकमत आहे. जिथे नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

दुखतं का, ते आधी. पाऊल वर उचलून धरण्याचं काम नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला लांब स्नायू करतो. चालताना तो क्षणभर आवळतो आणि सुटतो, म्हणून दहा किलोमीटर चालूनही कुरकुरत नाही. टाच अधांतरी ठेवून पेडल सांभाळताना मात्र त्याला सुटायला मिळतच नाही. त्यात पायाचं वजन तोलायला मांडीचा पुढचा स्नायूही आवळलेला राहतो, आणि तो थेट वाटीला ओढतो. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. तासाभरानं उठताना किंवा जिना चढताना वाटीमागे जी कळ येते, ती या दाबाची.

उपाय अगदी साधा आहे. टाच जमिनीवर. ब्रेकच्या समोर, थोडी उजवीकडे, अशी टाच टेकवायची आणि तिच्यावर पाऊल फिरवायचं. ब्रेकला चवडा सरळ, एक्सिलेटरला किंचित उजवीकडे. पेडल दाबायचं ते बोटांनी नाही, बोटांच्या मागच्या जाड गादीनं. पायाचं सगळं वजन टाचेवर आणि पेडलवर फक्त घोट्याची हालचाल राहिली की पाय आपोआप हलका होतो, शिवाय रस्त्याच्या धक्क्यानं पाऊल उडून रेस कमीजास्त होत नाही. अधांतरी पायाचा हा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक खड्ड्याला तो नकळत पेडल पंप करतो आणि तेवढं इंधन वाया जातं. अपवाद ब्रेकचा. जोरात ब्रेक लावायचा असेल तेव्हा टाच उचलून अख्खा पाय पेडलवर आलाच पाहिजे. तिथे टाच वाचवायला जाऊ नये.

आता गिअर. कमी रेस म्हणजे कमी पेट्रोल, हे गणित अर्धंच आहे. साधारण छोट्या पेट्रोल गाडीत ताशी ५० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरतं, तर पाचव्यात दीड हजाराच्या आसपास. पाचव्यात पेडल नखभर जास्त दाबावं लागतं, तरी पेट्रोल कमी जळतं. कारण इंजिनाच्या फेऱ्या कमी असतात आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जास्त उघडा असल्यानं हवा ओढून घ्यायला त्याला कमी झगडावं लागतं. पायाच्या दृष्टीनं तर हे फारच सोयीचं. नखभर खाली गेलेलं पेडल घोट्याला सैल कोनात आणतं. तिसऱ्यात पेडलच्या वरच्या टोकाशी पाय अडकवून ठेवायचा, म्हणजे पाऊल सतत वर खेचून धरायचं. पेट्रोल गाडी दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर आणि डिझेल दीड ते दोन हजारांवर वरच्या गिअरला न्यावी. मात्र गाडी घरघरायला लागली, स्टिअरिंग थरथरलं, की एक गिअर उतरायचा. गाडीला ओढ बसत असताना वरचा गिअर रेटण्यात बचत काहीच नाही.

यापुढचं सगळं सीटवर अवलंबून आहे. लग्नसराईत तर हमखास होतं असं: मागे पाहुणे बसले की त्यांचे गुडघे मावावेत म्हणून ड्रायव्हरची सीट दोन खाचा पुढे सरकते, आणि लग्न लागून आठ दिवस झाले तरी ती मागे जात नाही. सीट लावायचाही एक क्रम आहे. आधी कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून बसायचं. मग उंची, सोय असेल तर, अशी की समोर बॉनेट नीट दिसेल आणि मांडी सीटवर शेवटपर्यंत टेकलेली राहील. मग पुढे-मागे. क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा त्या वेळी पूर्ण सरळ होता कामा नये आणि काटकोनातही नको. सरळ रेषेपासून २० ते ३० अंश वाकलेला असावा. पूर्ण सरळ पाय झाला तर प्रत्येक क्लचला कंबर घसरते, आणि फार वाकलेला राहिला तर वाटीवर ताण येतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नाही, तिथे हीच परीक्षा ब्रेक दाबून घ्या. सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कड खोबणीत रुतत असेल तर पोटरीकडे जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि पायाला मुंग्या येतात. त्यानंतर पाठ, काटकोनापेक्षा जरा मागे कललेली, १०० ते ११० अंशांत. मग स्टिअरिंग, आणि आरसे सगळ्यात शेवटी. आरसे आधी लावून त्यांना जुळेल असं बसणारे आमच्याकडे पुष्कळ येतात, आणि मग मान दुखते म्हणून वेगळी तक्रार असते.

उशीबद्दल आमच्यात मतभेद आहे. बुटक्या चालकाला उशीनं दिसतं चांगलं, पण टाच तेवढीच वर उचलली जाते आणि मऊ उशी ब्रेकच्या वेळी सरकते. शिकवणारे म्हणतात, अजिबात नको. सांधे बघणाऱ्यांचं म्हणणं, दीड-दोन इंचांची कडक, सीटला पट्ट्यानं बांधलेली आणि पुढे निमुळती होत जाणारी असेल तर चालेल. टाच जमिनीला टेकते की नाही, हीच खरी कसोटी. पाठीच्या खिशातलं पाकीट मात्र एकमतानं बाहेर. जाड पाकिटावर बसलं की कमरेचा एक भाग वर राहतो, मांडीमागून उतरणारी नस दाबली जाते आणि कळ गुडघ्याखाली पोचते. लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे कोणी बघत नाही. उजवा गुडघा. लांब सरळ रस्त्यावर तो हळूहळू बाहेर कलतो आणि दरवाजाच्या पॅनेलला टेकतो. टेकायला बरं वाटतं म्हणून तासन्‌तास तसाच राहतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक छोटा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. स्पीकरची जाळी, काच चढवायचा हँडल किंवा बाटलीच्या कप्प्याची कड नेमकी तिथे दाबत राहिली की पावलाची वरची बाजू बधिर होते आणि अंगठा उचलायला जड जातो. हे गुडघ्याचं दुखणं नव्हे, नसेचं आहे, म्हणून मालिश करून जात नाही. गुडघा समोर, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा. टेकल्याशिवाय जमतच नसेल तर दरवाजाला त्या जागी हाताच्या पंजाएवढा मऊ फोम चिकटवावा.

आता डावा पाय, म्हणजे क्लच. गावातून गाडी काढायची तर डावा पाय क्लचवरून हलत नाही. बाजाराच्या दिवशी तर नाहीच. पण पाय क्लचवर नुसता ‘विसावलेला’ ठेवणं ही आमच्या मते सगळ्यात महागडी सवय. पेडलची मोकळीक, म्हणजे क्लचला जोर लागण्याआधीचा रिकामा दाब, संपते, क्लच प्लेट किंचित घसरत राहते, रिलीज बेअरिंग सतत फिरतं, इंधन जास्त लागतं, आणि गुडघा तासभर अर्धवट वाकलेला, अर्धवट ताणलेला राहतो. एकाच सवयीनं चार नुकसानं. गिअर पडला की पाय क्लचवरून काढून डावीकडे जमिनीवर पुढे ठेवायचा. काही गाड्यांत तिथे पाय टेकवायला वेगळी पायटी असते. नसेल तर चाकाच्या उंचवट्याला चवडा लावायचा. पाय मागे ओढून सीटखाली घेण्याची अनेकांना सवय असते. त्यात गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि अचानक क्लच दाबायची वेळ आली तर उशीरही होतो.

सिग्नलला गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, दोन्ही पाय मोकळे. चढावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, तोलून धरण्याची हौस तर अजिबात नको. जळका वास येतो तो क्लच प्लेटचा, पण झीज गुडघ्याचीही तेवढीच. चढावर उठताना हँडब्रेक ओढून ठेवा, क्लच हळू सोडा, गाडी बॉनेट उचलल्यासारखी करते तिथे हँडब्रेक सोडा. हल्लीच्या एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीत क्लचचं पेडल नसतं, पण आत क्लच असतोच. चढावर ती रेसवर तोलून धरली तर तोही जळतो. तिथे ब्रेकच धरायचा. रांगेत रखडताना पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता गाडी मुंगीच्या चालीनं सरकू द्यावी. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे सहज करते. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून दर दोन फुटांना क्लच दाबण्यापेक्षा एका गाडीची जागा सुटू द्या आणि मग एकदाच सरका. मध्ये कोणी घुसेल, हे खरं. घुसू द्या.

क्लच जड लागतोय म्हणून पाय दुखतो, असं सांगणाऱ्यांत निम्म्यांची गाडीच आजारी असते. बोलीत आपण क्लच वायर म्हणतो, ती बाहेरच्या नळीत सुकलेली असते, आतले तार एक-एक करून तुटायला लागलेले असतात, किंवा बसवताना तिला तीव्र वळण पडलेलं असतं. पेडलच्या वरच्या बिजागरीचं बुश कोरडं पडलं की पेडल खाली जाताना किरकिरतं आणि वर येताना रेंगाळतं. तिथे ग्रीसचं बोट फिरवायला पाच मिनिटं लागतात. वायर बदलूनही पेडल जडच राहिलं तर प्लेट झिजली आहे असं समजावं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं बाहेरच्या बाजूला सरकतात आणि दाबायला जास्त जोर लागतो. क्लच अगदी वर, सोडता सोडता शेवटी लागायला लागला, तर ही त्याचीच दुसरी खूण. हायड्रॉलिक क्लच असेल आणि पेडल कधी जड, कधी भुसभुशीत लागत असेल तर तेलाची पातळी आणि सिलिंडरचे वॉशर बघायचे. पेडलची मोकळीक किती हवी, हा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मिस्तरीच्या अंदाजावर न सोडता पट्टी लावून मोजायला सांगावं. मोकळीक उरली नसेल तर पाय न ठेवताही क्लच घसरतो आणि पेट्रोल तिथे जातं.

पेट्रोल पिणारा आणि पाय थकवणारा दुसरा दोष म्हणजे चिकटणारा ब्रेक. गाडी ओढल्यासारखी चालते, म्हणून चालक नकळत पेडल अधिक दाबून धरतो. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर फारसा ब्रेक न लावता गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एखादं इतरांपेक्षा ठळक तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. टायरची हवा प्रत्येक पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) उतरली की अॅव्हरेज साधारण ०.२ टक्क्यांनी घटतं. आकडा लहान दिसतो, पण चारही चाकांत सात-आठ पीएसआय कमी असलेल्या गाड्या सर्रास फिरतात. हवा सकाळी, थंड टायरमध्ये तपासावी. मे महिन्यात दुपारी हायवेवरून आल्यावर काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतोच. ती जास्तीची हवा समजून सोडून देणाऱ्याचा टायर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेचा असतो.

पायाखालची चटई बघा. जुन्या गाडीत एक्सिलेटरखाली, टाच टेकते तिथे, रबराला वाटीएवढा खड्डा पडलेला असतो आणि त्यातून खालचं जाजम डोकावतं. टाच त्या खड्ड्यात बसली की पेडलपासून खाली आणि लांब जाते, मग पाऊल जास्त ताणून वर धरावं लागतं. काही जण त्यावर दुसरी चटई टाकतात. ती सरकून पेडलखाली अडकू शकते, तेव्हा हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट. एकच चटई, खालच्या हुकात अडकवलेली, टाचेच्या जागी जाड. पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं असेल किंवा निघून नुसतं लोखंड उरलं असेल तर पाय घसरू नये म्हणून चालक बोटं आवळून धरतो. बाजारात हे रबर स्वस्तात मिळतं. चपला घालून गाडी चालवू नये. सपाता मागून निसटतात आणि पेडलखाली जातात. जाड तळव्याच्या स्पोर्ट शूजमध्ये पेडल किती दाबलं हे कळतच नाही. अनवाणी चालवणारे खूप आहेत, पण लांबच्या पल्ल्यात टाच घासून दुखते. पातळ, सपाट तळव्याचा, मागून बंद असलेला बूट सगळ्यात बरा.

घाटाबद्दल थोडं अधिक लिहिणं भाग आहे. लळिंगचा घाट असो, कोंडाईबारी असो, चाळीसगावचा कन्नड घाट असो की शिरपूरपुढचा बिजासन, उतार लागला की गाडी न्यूट्रलवर सोडायची, हे डिझेल वाचवण्याचं पिढीजात शहाणपण. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडाफार तरी अर्थ होता. आज नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की संगणक इंजेक्टरच बंद करतो. इंजिन साधारण बाराशे-पंधराशे फेऱ्यांच्या खाली येईपर्यंत इंधन जळत नाही, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला त्याला इंधन द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवर उतरणारा वाचवत नाही, जाळतो. त्यात इंजिनाचा ब्रेक गेला की गाडी आवरण्याचा सगळा भार उजव्या पायावर येतो. घाटभर पाय ब्रेकवर दाबून धरला तर गुडघा तर थरथरतोच, ड्रम आणि डिस्क तापून ब्रेक लागेनासा होतो. किल्ली बंद करून उतरणाऱ्यांबद्दल काय बोलावं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो, मग पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड किंवा लॉक. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा आणि ब्रेक थोडा लावून सोडायचा, पुन्हा लावायचा. पायाला तेवढीच उसंत.

वेगाचं गणितही पायाशी बांधलेलं आहे. ताशी ८० वरून १०० वर गेलं की वाऱ्याचा अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर धरले तर पूर्ण रस्ता शंभरनं मारून चौदा मिनिटांच्या आत-बाहेर वेळ वाचते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ म्हणजे पीसीआरए अॅव्हरेजसाठी ताशी ४५ ते ५५ सांगतो. इंजिनासाठी ते बरोबर आहे. पण चौपदरी रस्त्यावर उजव्या लेनमध्ये पंचेचाळीसनं रेंगाळणं आम्हाला पटत नाही. मागून ट्रक येतो, आरशात बघून चालकाचं अंग ताठतं आणि ताठलेल्या अंगाचा पाय हलका राहत नाही. डावी लेन, वरचा गिअर, ६५ ते ७५, हे आमच्या मते बचत आणि आराम दोन्हींचं ठिकाण. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवायची सोय, असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर जरूर वापरावा. त्या वेळी उजवा पाय दुमडून घ्यायचा नाही, ब्रेकसमोर जमिनीवर टेकवायचा. पावसात, घाटात आणि उलट्या बाजूनं ट्रॅक्टर येणाऱ्या पट्ट्यात तो बंद.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. अशा दुपारी पेट्रोल वाचवायला एसी बंद करून काचा चढवून बसणं म्हणजे पोटरीला गोळे आमंत्रण देऊन बोलावणं. घाम जातो, त्यासोबत मीठ जातं, आणि थांबावं लागू नये म्हणून चालक पाणीही कमी पितो. गावात, पन्नासच्या आत, काचा उघड्या ठेवून चालेल. हायवेवर उघड्या काचा वारा आत घेऊन गाडीला मागे ओढतात, तिथे एसी २५-२६ वर लावलेला बरा. दर अर्ध्या तासानं चार घोट पाणी, लांब पल्ल्याला लिंबू-मीठ-साखरेचं. रक्तदाबवाल्यांनी मीठ डॉक्टरांना विचारून. ट्रक आणि जुन्या पिकअपमध्ये तर इंजिनाची धग थेट पायांवर येते. मध्यम आणि मोठ्या नव्या ट्रकांना २०२५ मध्ये एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावर आज जे धावतायत ते बहुतेक त्याआधीचे. त्यांनी इंजिनाच्या झाकणाचं फाटलेलं आच्छादन आणि रबरी पट्टी बदलून घ्यावी. डाव्या पायाला फरक त्याच दिवशी कळतो.

रावेर-सावद्याहून केळी घेऊन निघणारा चालक असो की घरची गाडी, दर दोन तासांनी खाली उतरणं याला पर्याय नाही. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यातही लिहिलेलं होतं. माल नाशवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पायही काही लोखंडाचे नाहीत. उतरताना केबिनमधून उडी मारू नये. तासन्‌तास वाकलेल्या गुडघ्यावर एकदम अंगाचं वजन कोसळतं. तोंड गाडीकडे, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले, अशी उतरायची पद्धत. कारमधून उतरताना एक पाय बाहेर, एक आत असा गुडघा पिळू नये. आधी दोन्ही पाय बाहेर, मग उभं राहायचं.

उतरल्यावर नुसता चहा पुरत नाही. चाकावर हात टेकवून एक पाय मागे सरळ, टाच जमिनीला, पोटरी ताणली जाईल असं ३० सेकंद, दोन्ही पायांनी दोनदा. मग टाच बंपरवर किंवा पायरीवर ठेवून, पाठ सरळ ठेवत पुढे झुकायचं, मांडीमागे ताण आला की तिथेच थांबायचं, पुन्हा ३० सेकंद. हिसके द्यायचे नाहीत. रेल्वे फाटक लागलं की इंजिन बंद करा. नुसतं चालू ठेवलेलं कारचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. बसल्या जागी घोटे वर-खाली वीस वेळा, आणि गुडघ्याची मागची बाजू सीटकडे दाबत मांडी पाच सेकंद आवळून सोडायची, असं दहा वेळा. फाटक उघडेपर्यंत दोन्ही होतं. चालत्या गाडीत यातलं काही करू नये.

काळीपिवळीवाल्यांना मात्र हा सगळा उपदेश अपुरा आहे. पुढच्या सीटवर चालक धरून चार जण बसतात. चालक दरवाजाशी अर्ध्या बुडावर, कंबर पिळलेली, गिअर प्रवाशाच्या गुडघ्यांमधून टाकायचा आणि उजवा पाय तिरका येऊन एक्सिलेटरला लागायचा. या बसण्यात सीट लावण्याचा कुठलाच नियम लागू होत नाही. एक सीट कमी भरली तर दिवसाचं किती जातं हे त्यांना पाठ आहे, गुडघ्याच्या औषधाला महिन्याचं किती जातं तेही एकदा शेजारी मांडून बघावं.

दुचाकीबद्दल दोनच ओळी. मागच्या ब्रेकचं पेडल उंच लावलेलं असेल तर पाऊल सतत वर धरावं लागतं, किंवा न कळत ब्रेकवर टेकतं आणि लायनर घासून अॅव्हरेज पडतं. पाय नेहमीसारखा पायटीवर ठेवल्यावर चवडा पेडलच्या जरा वर राहील इतकं ते खाली घ्यावं. एका नटाचं काम आहे.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना आमची एक विनंती. पहिल्या दिवशी किल्ली फिरवण्याआधी पंधरा मिनिटं फक्त सीट, टाच आणि क्लचचं अंतर शिकवा. शिकाऊ गाडीत शेजारी दुसरे पेडल असतात म्हणून शिकणाऱ्याची सीट बहुधा कोणी हलवतच नाही, आणि पहिल्या महिन्यात लागलेली बसण्याची ढब जन्मभर राहते.

आणि हे कापून ठेवण्यासारखं: एकाच पोटरीला सूज, ती गरम आणि दाबल्यावर दुखरी असेल तर चोळायचं नाही. लांब बसण्यानं शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत धाप लागत असेल तर दवाखान्यात ताबडतोब, आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्यायची. गुडघा मध्येच अडकत असेल, सुजत असेल, रात्री झोपमोड करत असेल, किंवा पाऊल लुळं पडून ब्रेकवर जोर येत नसेल, तर सीट पुढे-मागे करत बसू नये. ब्रेक पूर्ण जोरानं दाबता येईपर्यंत गाडी उभीच ठेवावी.

आपले,
वाहन शिकवणारे, गॅरेजवाले व फिजिओथेरपिस्ट असे काही वाचक
जळगाव-धुळे